आठ नंबर, मॉट स्ट्रीट : न्यूयॉर्कच्या संग्रहालयांना खुले पत्र

प्रति,
न्यूयॉर्क शहरातल्या संग्रहालयांमध्ये वस्तू, कागद आणि आठवणी जमवणाऱ्या सर्वांस,

स. न. वि. वि.

मॅनहॅटनच्या चायनाटाउनमध्ये मॉट स्ट्रीट जिथून सुरू होतो, तिथे आठ नंबरच्या इमारतीत रस्त्यालगत एक लांबट, अरुंद जागा आहे. १९४४ साली तिथे ‘चायनाटाउन फेअर’ सुरू झालं. तेव्हा ते पेनी आर्केड होतं. यंत्रात पेनी, म्हणजे एका सेंटचं नाणं, टाकायची आणि घटकाभर जीव रमवायचा. पुढे पेनीच्या जागी क्वार्टर, म्हणजे पंचवीस सेंटचं नाणं, आला, लोखंडी यंत्रांच्या जागी पडदे आले आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांचं ते माहेरघर झालं. २०११च्या फेब्रुवारीत त्याचं दार बंद झालं. पुढच्या वर्षी त्याच पत्त्यावर, त्याच नावाने ते पुन्हा उघडलं खरं, पण ते दुकान निराळं आहे. मी लिहितो आहे ते आधीच्या ६७ वर्षांबद्दल. त्या खोलीत माणसं एकमेकांशी कशी वागायची, कशी हरायची, कशी शिकायची, हे नोंदवून ठेवा, एवढं सांगण्यासाठी हे पत्र.

ते मराठीत लिहितो आहे, कारण त्या खोलीबद्दलचं माझं पहिलं वाक्य मी मराठीतच लिहिलं होतं. ते कुठे, ते शेवटी सांगतो. इंग्रजी प्रत तुम्हाला वेगळी पाठवली आहे. शिवाय न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीत अशी मराठी घरं आहेत जिथल्या मुलांनी आईवडिलांना न सांगता मॉट स्ट्रीट गाठला होता. त्यांनीही हे वाचावं असं मला वाटतं.

आधी थोडा इतिहास, कारण या खोलीचा जन्मच विचित्र वेळी झाला. १९४२ साली महापौर फिओरेल्लो ला गार्डिया यांनी या शहरात पिनबॉलवर, म्हणजे यंत्रातला चेंडू उडवत ठेवायच्या खेळावर, बंदी आणली. पोलिसांनी हजारो यंत्रं उचलून नेली. महापौर स्वतः घण घेऊन ती फोडतानाची छायाचित्रं आजही पाहायला मिळतात. त्यांचं म्हणणं असं की हा जुगार आहे आणि शाळेतल्या पोरांच्या खाऊचे पैसे तो गिळतो. त्यानंतर दोनच वर्षांनी, ती बंदी पुरती ताजी असताना, चायनाटाउन फेअरने दार उघडलं. नाणं टाकून खेळायच्या यंत्रांकडे शहर चोर म्हणून पाहत होतं, त्या काळात.

बंदी उठायला १९७६ साल उजाडलं. रॉजर शार्प नावाच्या तरुण पत्रकाराला नगर परिषदेच्या समितीसमोर पिनबॉल खेळून दाखवायला बोलावलं होतं. हा नशिबाचा खेळ नसून हाताच्या कसबाचा आहे, हे सिद्ध करायचं होतं. शार्प यांनी दांडा ओढण्याआधी बोट दाखवून सांगितलं की चेंडू मधल्या वाटेने जाईल. दांडा सोडला, आणि चेंडू मधल्याच वाटेने गेला. समितीने बंदी उठवण्याच्या बाजूने मत दिलं. कायदा बदलण्यासाठी सभागृहात कुणी भाषणाऐवजी हात दाखवावा आणि त्या हातावर विश्वास ठेवला जावा, याचं मला आजही फार अप्रूप आहे.

पण संशय गेला नाही. १९८२ साली, एका रेस्टॉरंटमध्ये गेमची यंत्रं ठेवण्यावरून झालेल्या वादात, न्यूयॉर्कमधल्या फेडरल न्यायालयाने म्हटलं की व्हिडिओ गेमला भाषणस्वातंत्र्याचं संरक्षण नाही. त्यानंतर २९ वर्षांनी, जून २०११ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने कॅलिफोर्नियाच्या एका कायद्यावर निकाल देताना सांगितलं की पुस्तकं, नाटकं आणि सिनेमे जसे विचार पोचवतात तसे व्हिडिओ गेमही पोचवतात, आणि त्यांना तेच संरक्षण आहे. तो निकाल आला तेव्हा चायनाटाउन फेअर बंद होऊन चारच महिने झाले होते.

आता कोंबडीबद्दल, कारण तिच्याशिवाय या जागेचं नाव कुणी घेत नाही. दारावरच्या पाटीवर लिहिलेलं असायचं : जगप्रसिद्ध नाचणारी आणि फुली-गोळा खेळणारी कोंबडी. काचेच्या पेटीत जिवंत कोंबडी. नाणं टाकलं की ती तुमच्याशी फुली-गोळा खेळणार. तिला हरवलं तर बक्षीस म्हणून फॉर्च्यून कुकीची मोठी पिशवी. चाल खरं तर आतली यंत्रणा ठरवायची. अमुक ठिकाणी चोच मारली की दाणे मिळतात, एवढंच त्या जिवाला शिकवलेलं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी ती पेटी गेली, आणि ते बरंच झालं असं माझं मत आहे. त्या आवाजात आणि उजेडात एका पाखराने दिवस काढणं योग्य नव्हतं. पण पर्यटक कोंबडी पाहून दारातूनच परत फिरायचे. तिच्या मागे जी खोली होती, ती बहुतेकांनी पाहिलीच नाही.

मी ती पाहिली १९९६ साली, तेराव्या वर्षी.

त्याच वर्षी आम्ही गिरगावातून इथे आलो. गिरगावात आमच्या गल्लीच्या टोकाला एक व्हिडिओ गेम पार्लर होतं. दोन यंत्रं, एक पंखा, आणि सदैव ‘मुस्तफा’ चालू. त्या गेमचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ आहे, कॅपकॉम या जपानी कंपनीने तो १९९३ मध्ये काढला, हे मला अमेरिकेत आल्यावर कळलं. आमच्यासाठी तो मुस्तफाच, कारण त्यातलं मुस्तफा नावाचं पात्र घेण्यासाठी भांडणं व्हायची. पार्लरमध्ये दिसलास तर तंगडी तोडीन, अशी आजोबांची ताकीद होती. तरीही जायचो. मुस्तफात दोघं-तिघं मिळून गुंडांना मारायचे. खांद्याला खांदा लावून खेळायचा गेम तो.

इथे क्वीन्समधल्या एल्महर्स्टला राहायला लागलो तेव्हा मला इंग्रजी वाचता यायचं, पण शाळेतली पोरं बोलायची ते कळायचं नाही. बाबा हॉटेलात रात्रपाळी करायचे, आई जॅक्सन हाइट्सला दुकानात उभी असायची. एका शनिवारी वर्गातला एक मुलगा मला आर ट्रेनने कॅनाल स्ट्रीटला घेऊन गेला. तिथून चालत मॉट स्ट्रीट. आत शिरलो तर पंचवीस-तीस यंत्रांचा आवाज एकदम अंगावर आला. घामाचा आणि तळलेल्या पदार्थांचा वास. आणि मुलं : चिनी, पोर्तो रिकन, काळी, डॉमिनिकन, एक-दोन आमच्यासारखी. सगळी पडद्याकडे तोंड करून उभी, पण बोलत होती एकमेकांशी.

तुमच्यातल्या ज्यांनी हे कधी पाहिलं नाही, त्यांच्यासाठी तिथली रीत नीट सांगतो, कारण माझ्या मते जपण्यासारखी गोष्ट हीच आहे.

‘स्ट्रीट फायटर’सारख्या मारामारीच्या गेममध्ये एका यंत्रावर दोघं शेजारी शेजारी उभे राहतात. जो जिंकतो तो थांबतो, जो हरतो त्याने बाजूला व्हायचं आणि पुन्हा खेळायचं तर पुन्हा पैसे भरायचे. १९९१ मध्ये ‘स्ट्रीट फायटर टू’ आला आणि या एका नियमाने जगभरच्या पार्लरचा धंदा सावरला. पण त्या नियमाभोवती पोरांनी आपले नियम रचले होते. आपला नंबर लावायचा तर पडद्याखालच्या कडेवर आपलं नाणं ठेवायचं. नाण्यांची रांग म्हणजे माणसांची रांग. कुणाचं नाणं कुणीही उचलायचं नाही. कुठे लिहिलेलं नव्हतं, कुणी राखण करत नव्हतं. कितीही दांडगा पोरगा असो, त्याचा नंबर त्याच्या नाण्याच्या जागी. मी नवा, बुटका, इंग्रजी अडखळत बोलणारा. माझ्या नाण्यालाही तोच मान होता. नव्या देशात मला पहिल्यांदा बरोबरीची वागणूक मिळाली ती त्या कडेवर.

दुसरी गोष्ट, हरणं. तिथे तुम्ही सगळ्यांसमोर हरायचात. पाठीमागे दहा जण उभे. तुमची चूक दहाही जणांना दिसलेली. मग त्यातलाच कुणीतरी सांगायचा की तू उडी मारतोस तीच चूक, तो तुझ्या उडीची वाट पाहतो. शिकवणारा कोण, तर बऱ्याचदा तुम्हाला आत्ताच हरवलेला. त्यालाही तगडा प्रतिस्पर्धी हवा असायचा, म्हणून तो शिकवायचा.

या रीतीतून या खोलीने काय घडवलं, ते जगाने २००४ साली पाहिलं. कॅलिफोर्नियात पोमोनाला ‘इव्हो’ ही स्पर्धा होती, गेम ‘स्ट्रीट फायटर’ मालिकेतला ‘थर्ड स्ट्राइक’. एका बाजूला जपानचे दाइगो उमेहारा, दुसऱ्या बाजूला मॉट स्ट्रीटच्या खोलीत तयार झालेले जस्टिन वाँग. उमेहारा खेळत होते त्या केन या पात्रात इतका कमी जीव उरला होता की वार अडवला तरी अडवण्याने होणाऱ्या इजेनेच तो मेला असता. वाँग यांच्या चुन-ली या पात्राने पंधरा लाथांचा मोठा वार सोडला. उमेहारांनी एकेक लाथ परतवली. परतवायचं म्हणजे वार लागण्याच्या नेमक्या क्षणी दांडी (जॉयस्टिक) त्याच्याच दिशेने ढकलायची; सेकंदाचा लहानसा तुकडा हुकला की खेळ संपला. पंधराच्या पंधरा परतवल्या आणि उलट वार करून सामना जिंकला.

ती चित्रफीत आजही जगभर पाहिली जाते. ती पुन्हा बघाल तेव्हा पडद्याकडे न बघता फक्त ऐका. पाचव्या-सहाव्या लाथेला मागची माणसं ओरडायला लागतात आणि शेवटी त्या आरोळीत सगळंच बुडून जातं. लोक ती चित्रफीत त्या आरोळीसाठी पाहतात. वाँग तो सामना हरले, पण त्यांनी इव्हो अनेकदा जिंकली आहे, आणि त्या सामन्यानंतरही ते मोकळेपणाने त्याबद्दल बोलत आले. हरून ताठ उभं राहायची ही सवय कुठली, ते मला माहीत आहे.

आता तुमच्या कामाबद्दल.

यंत्रं जपण्यात हे शहर जगाच्या पुढे होतं, हे मी मनापासून मानतो. अ‍ॅस्टोरियातल्या ‘म्युझियम ऑफ द मूव्हिंग इमेज’ने १९८९ मध्ये आर्केड गेमचं प्रदर्शन भरवलं, तेव्हा व्हिडिओ गेमला संग्रहालयात जागा द्यावी हे कुणाच्या मनातही नव्हतं. ‘मोमा’ने, म्हणजे म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने, २०१२ मध्ये पॅक-मॅन, टेट्रिस यांच्यासह १४ गेम आपल्या संग्रहात घेतले. शहराबाहेर, याच राज्यातल्या रॉचेस्टरच्या ‘स्ट्राँग’ संग्रहालयानेही गेमना मानाचं दालन दिलं आहे.

यंत्र जपणंही सोपं नाही. कॅपकॉमच्या ज्या बोर्डांवर, म्हणजे यंत्राच्या आतल्या सर्किटच्या पाट्यांवर, नव्वदच्या दशकातले मारामारीचे गेम चालायचे, त्यांत गेम उलगडण्याची किल्ली एका बॅटरीच्या आधारावर टिकून असायची. बॅटरी संपली की किल्ली पुसली जायची आणि चांगला धडधाकट बोर्ड मुका व्हायचा. खेळणारे तिला आत्मघातकी बॅटरी म्हणतात. जगभरच्या हौशी लोकांनी वर्षानुवर्षं खपून असे मेलेले बोर्ड पुन्हा बोलते केले. जुन्या काचेच्या पडद्यांसाठीही लोक असेच धडपडतात.

माझी विनंती ही की तेवढीच धडपड माणसांसाठी करा. कडेवर नाण्यांची रांग लावण्याची रीत कुठल्याही बोर्डावर नोंदलेली नाही. ती ज्यांच्या अंगवळणी पडली होती ती माणसं आज चाळिशी-पन्नाशीत आहेत, त्याआधीची त्याहून म्हातारी. त्यांच्याकडे जा, रेकॉर्डर चालू करा.

मूळचे पाकिस्तानातले सॅम पामर यांनी ऐंशीच्या दशकापासून ही जागा चालवली. या एका वाक्यात केवढं आहे पाहा : चिनी वस्तीत, अमेरिकन पेनी आर्केड, चालवणारा पाकिस्तानी, यंत्रं जपानी, आणि आत साऱ्या शहराची पोरं. न्यूयॉर्क म्हणजे काय हे सांगायला मला याहून छोटी आणि खरी जागा माहीत नाही. हेन्री सेन तिथे व्यवस्थापक होते. २०११ मध्ये दार बंद झाल्यावर त्यांनी ब्रुकलिनच्या सनसेट पार्कमध्ये ‘नेक्स्ट लेव्हल’ सुरू करून खेळणाऱ्यांना छप्पर दिलं. जे मुलगे-मुली शाळा सुटल्यापासून रात्रीपर्यंत तिथे असायचे, त्यांच्यातल्या काहींना घरी जावंसं वाटत नव्हतं, काहींना घरच नव्हतं. त्यांच्यासाठी ती खोली काय होती हे त्यांच्याच तोंडून यायला हवं. डान्स डान्स रिव्होल्यूशनच्या यंत्रावर नाचणाऱ्या मुलींना विचारा. आम्ही मारामारीच्या गेमवाले त्यांच्याकडे दुर्लक्ष करायचो, आणि आता वाटतं की खोलीचा अर्धा इतिहास त्यांच्याकडे आहे.

वस्तूही आहेत. स्पर्धांचे हाताने लिहिलेले तक्ते, कॅमकॉर्डरवर काढलेल्या सामन्यांच्या टेप, हातात धरून गुळगुळीत झालेल्या दांड्या. या टेप कुणाच्या तरी आईच्या तळघरात आहेत, आणि टेपचंही आयुष्य असतं.

‘म्युझियम ऑफ चायनीज इन अमेरिका’च्या मंडळींना वेगळं दोन शब्द. तुमच्या संस्थेची सुरुवात १९८० मध्ये झाली ती कचऱ्याच्या डब्यांतून. जुनी दुकानं, लाँड्र्या, मंडळं बंद होत होती, त्यांचे कागद, पाट्या, पत्रं रस्त्यावर टाकली जात होती आणि तुमच्या संस्थापकांनी ती उचलून आणली. इतरांना जो कचरा वाटला त्यात त्यांना इतिहास दिसला. २०२० च्या जानेवारीत मलबेरी स्ट्रीटवरच्या ७० नंबरच्या इमारतीला आग लागली, तुमचा संग्रह आत होता. पाण्याने भिजलेल्या पेट्या माणसं बाहेर काढत होती, त्या बातम्या मी डोळे न मिटता पाहिल्या. ७० मलबेरीपासून आठ मॉट चालत काही मिनिटांवर आहे. लाँड्रीतली इस्त्री जपणाऱ्या हातांना पार्लरमधली नाण्याची कड जपण्यासारखी वाटेल, याबद्दल मला शंका नाही.

बंद का पडलं, यावर फार लिहीत नाही. मॅनहॅटनमधली भाडी सगळ्यांना ठाऊक आहेत. घरोघरी कन्सोल आली, २००९ नंतर नवा ‘स्ट्रीट फायटर फोर’ सोफ्यावर बसून टोकियोतल्या माणसाशी खेळता येऊ लागला. मीही खेळलो. समोरच्याचं तोंड दिसत नाही, हरल्यावर त्याने आपल्याला काही सांगावं अशी सोय नाही, पण सोयीचं आहे हे खरं. २०१२ मध्ये त्या जागेत जे उघडलं ते कुटुंबांसाठी आहे : तिकिटं जिंका, बक्षीस घ्या. लहान मुलं आनंदात खेळताना दिसतात आणि त्या मुलांबद्दल किंवा चालवणाऱ्यांबद्दल माझी काही तक्रार नाही. कुणीतरी दिवा लावून ठेवला याचं बरंच वाटतं.

आता ती पहिली ओळ.

माझ्याकडे दोनशे पानी एक वही आहे. गिरगावातून येताना आणलेली, पुठ्ठ्याच्या निळ्या कव्हरची. १९९६च्या हिवाळ्यापासून २००१ पर्यंत मी तीत चायनाटाउन फेअरमध्ये शिकलेल्या चाली लिहिल्या. पहिल्या पानावर : ‘आज नऊ वेळा हरलो. पुढे, खाली, तिरकं पुढे, ठोसा. उडी मारणाऱ्याला हाच उपाय.’ सगळं देवनागरीत, म्हणजे रांगेतल्या कुणालाही माझं गुपित वाचता येणार नाही. चौथ्या-पाचव्या पानावर मात्र अक्षर बदलतं. मला पहिल्यांदा तिथे नेणाऱ्या त्या वर्गमित्राने ‘मला वाचता येत नसेल तर मीही तुला वाचता येणार नाही असं लिहितो’ म्हणत त्याच्या चाली चिनी अक्षरांत लिहिल्या. त्यानंतर कुणीतरी स्पॅनिशमध्ये लिहिलं आहे. एका पानावर नुसते बाण आहेत, ते कुणाचे आता आठवत नाही. मधल्या पानांवर कोलाचा डाग आहे. शेवटच्या पानावर २००१ सालच्या एका शनिवारची नाण्यांची रांग लिहिली आहे : अकरा नावं, टोपणनावंच बरीचशी, नंबराने. सातवा मी.

त्या चिनी पानांचा अर्थ मला अजून कुणी वाचून दाखवलेला नाही, मीही मुद्दाम विचारलं नाही. ती वही मला तुमच्या हवाली करायची आहे. तुमच्यापैकी जो कुणी या खोलीच्या आठवणी गोळा करायला घेईल, त्याच्या टेबलावर मी ती स्वतः आणून ठेवीन, आणि मराठी पानं शेजारी बसून वाचून दाखवीन. अकरातल्या चार जणांशी माझा अजून संपर्क आहे. त्यांनी यायचं कबूल केलं आहे. उरलेल्या सहांना शोधायला मात्र तुमची मदत लागेल.

कळावे,
आपला,
एल्महर्स्टचा एक जुना खेळाडू